टिल्लू पंप उघडणाऱ्या मुलास

नागपूर

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

जेवताना तुझ्या रील्स बघण्याचा विषय निघाला की तू "हो बाबा" म्हणतोस, आई मध्ये पडते आणि बोलणे तिथेच थांबते. म्हणून सांगायचे ते एकदा सविस्तर लिहून देत आहे. फोन काढून घेण्याचा माझा विचार नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे उरलेले पत्र तू शांतपणे वाचशील.

माझी तक्रार आहे ती रील्सविषयी. त्यांची रचनाच अशी असते की एक संपते न संपते तोच दुसरी समोर येते, आणि पुढची कदाचित अधिक मजेदार निघेल या आशेवर अंगठा सरकत राहतो. काय बघायचे, हे तू ठरवतच नाहीस. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून, वयाच्या १९व्या वर्षी महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. आजचे बुद्धिबळपटूही पडद्यासमोर तासन्‌तास बसतात, पण कोणता डाव तपासायचा हे ते स्वतः ठरवतात. (घाबरू नकोस, तुला बुद्धिबळाच्या वर्गाला घालत नाही.)

तुझी ओढ कुठे आहे, हे मला मे महिन्यात दिसले. ऊन मी म्हणत होते, कूलरचा टिल्लू पंप, म्हणजे ताट्यांवर पाणी चढवणारा छोटा पंप, बंद पडला होता आणि मिस्त्री नेहमीप्रमाणे "उद्या येतो" म्हणाला होता. तू स्क्रू काढून पंपाची जाळी उघडलीस, आतल्या पंख्यावरचा क्षारांचा पांढरा थर लिंबाच्या फोडीने आणि जुन्या टूथब्रशने घासून काढलास. तरीही पंप नुसताच घुरघुरत राहिला, तेव्हा पंख्याच्या दांडीला गुंडाळलेला वाळ्याचा तंतू चिमट्याने ओढून काढलास. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपू लागेपर्यंत फोन पलंगावर वाजत होता आणि तुला त्याचे भानही नव्हते.

रमण विज्ञान केंद्र तू लहानपणीच पाहिले आहेस, पण २००२ मध्ये सुरू झालेले मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय अजून राहिलेच आहे. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले अंतर १,६७६ मिलिमीटर, तर आपल्याकडच्या या गाड्यांचे अवघे ७६२. रूळ अरुंद असले की वळणे आखूड घेता येतात आणि पूल-बोगदेही लहान चालतात, म्हणून छिंदवाड्याकडच्या डोंगराळ मुलखात हा मार्ग परवडत असे. मात्र वेग बेताचा, आणि ब्रॉडगेजला जोडणाऱ्या स्थानकावर सगळा माल एका गाडीतून दुसरीत चढवावा लागे.

येत्या रविवारी सकाळी तिथे जाऊ. वाफेच्या इंजिनात दट्ट्या सरळ रेषेत पुढेमागे सरकतो आणि चाक मात्र गोल फिरते. ते कसे घडते, याची आकृती तू तिथे उभे राहून वहीत काढावीस, एवढीच माझी अपेक्षा आहे. फोन खुशाल बरोबर घे. आणि हो, येत्या उन्हाळ्यात दोन्ही कूलर बसवण्याचे काम तुझ्याकडे राहील. मिस्त्रीला देतो ती मजुरी तुला मिळेल, फक्त "उद्या" म्हणायचे नाही.

तुझा,
बाबा