शटर पाडलेलं दुकान आणि ब्रेथ ऑफ फायर

रामबाग, इंदूर
रविवार, रात्री

प्रिय अभ्या,

सप्रेम नमस्कार.

‘ब्रेथ ऑफ फायर ७ येतोय’ असा तू पाठवलेला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. ही कॅपकॉम या जपानी कंपनीची जुनी आरपीजी मालिका, म्हणजे पात्रं घडवत कथा पुढे न्यायचे खेळ; नायक रियू लढताना ड्रॅगन होतो. सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे: कॅपकॉमने ट्रेडमार्क चालू ठेवलाय. अरे, जपानात ट्रेडमार्कची मुदत दहा वर्षांची. ती संपत आली की फी भरून नूतनीकरण करतात. कुणी घरपट्टी भरली म्हणून तो घराला रंग काढतोय असं आपण म्हणतो का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. सातवा भाग इतक्यात नाही. जुने भाग एका संचात येतील, यावर मात्र मी पैज लावीन.

आपला सराफा डोळ्यासमोर आण. रात्री सोन्याच्या दुकानांची शटरं खाली, आणि त्यांच्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस. दुकान सराफाचं, ओट्यावरचा धंदा दुसऱ्याचा. एप्रिल २०२५मध्ये चौथा भाग जीओजीवर, म्हणजे जुने खेळ चालते करून विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आला तो असाच. कॅपकॉमने शटर उघडलं नाही, जीओजीने ओट्यावर शेगडी मांडली. आणि चौथाच का, तिसरा का नाही? चौथ्याचं २००३ साली विंडोज पोर्ट, म्हणजे पीसीवर चालणारी प्रत, निघालं होतं. ते नव्या विंडोजवर चालतं करायचं, चित्र काढणारा भाग नव्याने बसवायचा, गळालेले सभोवतालचे आवाज परत आणायचे, आजचे कंट्रोलर ओळखायला लावायचे, एवढंच काम होतं. तिसरा फक्त प्लेस्टेशन आणि पीएसपीवर (हातात धरायच्या प्लेस्टेशनवर) निघाला; दुरुस्त करायला पीसीची प्रतच नाही. पहिला-दुसरा २०१९पासून निन्टेंडोच्या ऑनलाइन वर्गणीत आहेत. पाचवा प्लेस्टेशन २वरच राहिला. सहावा २०१६मध्ये जपानात ब्राउझर आणि मोबाइलवर आला, २०१७मध्ये सर्व्हर बंद. सर्व्हरवरचा खेळ बंद झाला की उरत काही नाही, म्हणून तो सोडूनच दे.

घोडं अडलंय ते पाचव्यापाशी, म्हणजे ‘ड्रॅगन क्वार्टर’पाशी. त्यात डी-काउंटर नावाचा आकडा सतत वर जातो. चाललास तरी वाढतो, ड्रॅगन झालास की भराभर वाढतो. खाली कधीच येत नाही, आणि शंभर टक्के झाला की खेळ खलास. वर सेव्ह करायला टोकन लागतात. अडकलास तर सुरुवातीपासून खेळायचं. कमावलेलं थोडंफार सोबत येतं आणि आधी न दिसलेले प्रसंग उघडतात. रचना म्हणून हे अफाट आहे. पण ज्यांना आधीच्या भागांसारखं मासे पकडत, परीगाव वसवत रमतगमत खेळायचं होतं, त्यांच्या गळ्याला फास लागल्यासारखं झालं. आता सातवा काढायचा तर कुणासाठी? तिसऱ्यावर जीव असलेल्यांसाठी की पाचव्यावर? या दोघांना एकच खेळ आवडणं कठीण.

दुसरी अडचण घरातलीच. पाळीपाळीने लढायचं आणि ड्रॅगनसारख्या जनावरावर बसून हिंडायचं, हे कॅपकॉमकडे मॉन्स्टर हंटर स्टोरीजमध्ये आधीच आहे, आणि तिचा तिसरा भाग मार्च २०२६चा. एकाच चुलीवर दोन पातेली कोण चढवेल?

डिसेंबर २०२४मध्ये झोपलेल्या मालिका जाग्या करणार असं कॅपकॉमने लिहून दिलं, हे खरं. पण त्याबरोबर नावं आली ओनिमुशा आणि ओकामीची, म्हणजे ॲक्शनची. त्याच वर्षी त्यांनी चाहत्यांकडून घेतलेल्या मतदानात, नवा भाग हवा अशा मालिकांत डिनो क्रायसिस पहिली आली. मग आधी काय मिळालं? जानेवारी २०२५मध्ये जुने दोन भाग, जीओजीच्याच ओट्यावर.

मग संचावर पैज का? मेगा मॅन बॅटल नेटवर्क. तीही झोपलेली आरपीजी मालिका, आणि २०२३मध्ये दहा खेळांचा संच निघाला. तिथे गेमबॉय ॲडव्हान्स हे एकच यंत्र होतं. इथे सुपर निन्टेंडो आणि प्लेस्टेशन अशी दोन सांभाळायची, शिवाय दुसऱ्याचं इंग्रजी भाषांतर इतकं कुप्रसिद्ध की ते नव्याने केल्याशिवाय विकणं लाजिरवाणं होईल. घाईची अपेक्षा ठेवू नकोस. कोनामीने सुइकोडेन या तशाच जुन्या आरपीजीच्या १ आणि २चं रीमास्टर (जुनाच खेळ नव्याने घासूनपुसून) २०२२मध्ये जाहीर केलं, २०२३ म्हणता म्हणता मार्च २०२५ उजाडला.

संच आलाच तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपास. पहिली चित्राची. त्या काळचं चित्र साधारण २४० ओळींचं. १०८० ओळींच्या पडद्यावर ते साडेचार पट होतं. अर्धा ठिपका काढता येत नाही, म्हणून काही ठिपके चार ओळींचे, काही पाच ओळींचे होतात, आणि रियू चालायला लागला की त्याच्या अंगावर लाटा उठल्यासारख्या दिसतात. चारपट करून कडेला काळी पट्टी ठेवायची सोय हवी. फोर-के पडद्यावर बरोबर नऊ पट बसतं, तिथे हा त्रास नाही. ठिपके गुळगुळीत करणारा फिल्टर दिसला तर तो आधी बंद कर. चेहऱ्यांचा पार शिरा होतो.

दुसरी, तिसऱ्यातले जीन. एकूण अठरा, एका वेळी तीनपर्यंत जोडायचे आणि त्यातून ड्रॅगन बनवायचा. इन्फिनिटी एकटा वापरलास तर कैसर होतो, पण ऐकत नाही. आपल्याच मनाने लढत सुटतो. ड्रॅगन असेपर्यंत दर पाळीला एपी (जादूला लागणारी शक्ती) गळतं, त्यामुळे चुकीची जोडी बॉससमोर, म्हणजे टप्प्याच्या मोठ्या शत्रूसमोर, महागात पडते. कुठली जोडी काय देते याची नोंद ठेवणारी वही मेनूमध्येच दिली, तर काम मन लावून केलंय असं मी समजेन.

तोवर चौथाच घे. सहा जणांची पार्टी, तिघं पुढे, तिघं मागे. मागच्यांचं एपी आपोआप भरत राहतं, म्हणून दर पाळीला अदलाबदल कर. पुढच्या तिघांनाच लढवत बसशील तर मधल्या बॉसपाशी गाडी रुतेल. जादू आग, वारा, पाणी, माती या क्रमाने एकामागून एक टाक, जोडहल्ला होतो. उलट्या क्रमाने टाकलीस तर सुटी सुटीच पडते. आणि कुठल्याही खोलीत शिरलास की कॅमेरा आधी फिरव. अर्धी दारं आणि पेट्या भिंतीआड लपवल्यात.

पुढचा व्हिडिओ पाठवशील तेव्हा कोरियाच्या किंवा तैवानच्या रेटिंग मंडळाच्या यादीत नाव लागलंय का तेवढं बघ. वयाचा दाखला तयार खेळाला लागतो, त्यामुळे तिथली नोंद आली तर मला रात्री दोनला फोन कर. ट्रेडमार्कसाठी करू नकोस.

काकूंना नमस्कार सांग. ग्वाल्हेरहून येताना मुरैनाची गजक आण, अर्धा किलोने भागणार नाही.

तुझा,
मिल्या