नॉर्मल रिपोर्ट आणि बिबड्यांचा घाटा

अमळनेर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत ना आई, मग दुखतंय काय?" मी हसून विषय बदलला. रात्री मात्र तेच डोक्यात. लिहायला बसले, कारण बोलताना हल्ली शब्द वेळेला सापडत नाहीत. काल चाळणी हवी होती आणि बाबांना "ते, पिठाचं द्या" म्हणाले. तेही याच दुखण्यातलं.

अगं, फायब्रोमायल्जिया, म्हणजे माझं हे अंगभर दुखण्याचं दुखणं, रक्तात दिसतच नाही. थायरॉइड, आमवात हे तपासतात ते दुसरं काही नाही ना, एवढं बघायला. सांधे झिजलेले नाहीत, सूज नाही. नसा आणि मेंदू साध्या दाबाचंही दुखणं करतात. ब्लाउजची शिवण खांद्यावर ठणकते, इतकं. डॉक्टर सांगत होते, १९९० च्या निकषात अंगावरचे १८ बिंदू दाबून पाहायचे आणि ११ दुखले तर निदान. २०१० पासून ती मोजणी मागे पडली. आता तीन महिने अंगभर दुखणं, झोपून उठल्यावरही थकवा, विसराळूपणा असं विचारतात. माझं निदान होण्याआधी एका डॉक्टरांनी मला "मन रमवा" म्हणून परत पाठवलं होतं. जाऊ दे.

दुखण्यापेक्षा मला फसवतो तो चांगला दिवस. गेल्या चैत्रात सकाळी अंग हलकं वाटलं. ज्वारी भिजवून दळलेली होतीच. त्या पिठाचा पाच किलोचा घाटा शिजवून एकटीने लाकडी चाटूने हाटला, गच्चीवर ओलं धोतर पसरून उन्हं चढायच्या आत वाळवणाचे, पापडासारखे बिबडे थापले. शेजारची म्हातारी म्हणाली, "चांगली तं दिसी ऱ्हायनी वं माय!" मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईना. चार दिवस खाटेवर. बिबडे बाबांनी उलटले, निम्मे तुटले.

आता चांगल्या दिवशीही कणीक मळून झाली की बसते, मग भाजी. आधी लाज वाटायची. सकाळी ऊन तापायच्या आत चालते. दहा मिनिटांपासून सुरू केलं, आता पंचवीसवर आलेय. डॉक्टरांचा सगळ्यात जास्त भर त्यावरच आहे, आणि खरं सांगू, पहिले दोन आठवडे मला ते अघोरी वाटलं. रात्री एक गोळी असते, तिने झोप बरी लागते, सकाळी तोंड कोरडं पडतं. साध्या पेनकिलरचा यात फारसा उपयोग नाही. तू पाठवलेल्या त्या गोळ्यांच्या पट्ट्या डब्यात तशाच आहेत. रागावू नकोस.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येशील तेव्हा खापरावरचे मांडे माझ्याकडून होणार नाहीत. गल्लीतल्या मावशींना सांगून ठेवलंय. "काल तर बरी होतीस" एवढं मात्र म्हणू नकोस. बरी होते म्हणूनच आज पडलेय, असं समज.

दोन दिवस आधी आलीस तर बिबडे करू. चाटू तुझ्या हातात, मी खुर्चीवर बसून लसूण-तीळ किती ते सांगेन. लहानपणी गरम घाट्यावर तेल घेऊन बसायचीस, तसं आधी खाऊन घे.

येताना गरम पाण्याची पिशवी आण. जुनी बुचापाशी गळतेय.

तुझी आई