ताई, तू माझी पुस्तकं कमी केलीस त्याबद्दल

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा स्टेप वनचा, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या यूएसएमएलई परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा, निकाल लागला. पास. जानेवारी 2022 पासून या परीक्षेत गुणांचा आकडा मिळतच नाही, फक्त पास की नापास एवढंच कळतं, त्यामुळे तुला कळवायला माझ्याजवळ एवढा एकच शब्द होता. फोनवर तू ‘बरें जालें गो’ म्हणालीस आणि लगेच आईची चौकशी केलीस. आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तू मला सांगितलेलं गोव्यात बसून यूएसएमएलईची तयारी करणाऱ्या आणखी कोणाला तरी उपयोगी पडावं, एवढीच इच्छा.

चवथीला तू सुट्टीवर आली होतीस तेव्हाचा शनिवार. फोंड्याहून कदंबाच्या बसने मी पणजीला आले, ती पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत भलीमोठी पिशवी घेऊन. बिहेवियरल सायन्ससाठी (रुग्णाशी संवाद, एथिक्स, मानसोपचार आणि बायोस्टॅट म्हणजे वैद्यकीय आकडेवारी) जमवलेलं सगळं तीत होतं. बीआरएस हे उजळणीचं पुस्तक, एथिक्सच्या केसेसचं पुस्तक, कुणाकुणाकडून फिरत आलेल्या नोट्सची झेरॉक्स. शिवाय मोबाईलवर दोन व्हिडिओ कोर्स. फार्मा, पॅथो जमत होतं. याच विषयात निम्मे प्रश्न चुकत होते, आणि चुकले की मी आणखी एक पुस्तक आणत होते.

तू आधी झेरॉक्स उघडलीस. पानावर ‘ॲक्सिस वन, ॲक्सिस टू’ दिसलं आणि तू ती मिटलीस. डीएसएम-5, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली, आलं 2013 साली. तेव्हाच निदान ॲक्सिसमध्ये विभागण्याची ही पद्धत गेली आणि ॲस्पर्जर हे ऑटिझमपासून वेगळं निदान राहिलं नाही. म्हणजे नोट्स त्याच्याही आधीच्या. मी त्या दोनदा वाचल्या होत्या, ताई, तारीख न पाहता.

मग व्हिडिओ गेले. उरलं ते ‘फर्स्ट एड’ या उजळणीच्या पुस्तकातलं पब्लिक हेल्थचं आणि मानसोपचाराचं प्रकरण, यूवर्ल्ड या ऑनलाइन प्रश्नसंचाचे प्रश्न, आणि परीक्षेच्या तोंडावर सोडवायला परीक्षेचे प्रश्न तयार करणाऱ्या एनबीएमईचे फुकट मिळणारे 120 प्रश्न. बीआरएस कपाटात, एखादी गोष्ट मुळातूनच कळली नाही तर उघडायचं. तू म्हणालीस, ‘परीक्षेत संवाद आणि एथिक्सचे 6 ते 9 टक्के प्रश्न, बायोस्टॅटचे 4 ते 6. हे थोडं नाही. पण ते वाचून येत नाही, सोडवून येतं. बरोबर आलेल्या प्रश्नाचंही स्पष्टीकरण वाच, बाकीचे पर्याय का चुकले ते बघ.’ हे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं.

बायोस्टॅट तू बाहेर भाजी-पाव खाताना बिलाच्या मागे शिकवलंस. हजार माणसं, टेस्टची सेन्सिटिव्हिटी (आजारी माणूस बरोबर ओळखण्याचं प्रमाण) आणि स्पेसिफिसिटी (निरोगी माणूस बरोबर ओळखण्याचं) दोन्ही 90 टक्के. आजार 1 टक्का लोकांना असेल तर 10 आजारी, त्यातले 9 सापडतात. पण 990 निरोग्यांतले 99 जणही पॉझिटिव्ह येतात. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे आजारी जेमतेम 8 टक्के. आजार 10 टक्क्यांना असेल तर तेच 50 टक्के. टेस्ट तीच. सूत्र मी चार वेळा पाठ केलं होतं, पण या आकड्यांची चार खणांची चौकट स्वतः काढली तेव्हा कुठे कळलं.

आणि मग तो प्रश्न. मुलगा डॉक्टरांना म्हणतो, आईला कॅन्सर आहे हे तिला सांगू नका. मी दरवेळी मुलाचं ऐकण्याचा पर्याय निवडत होते. ‘का?’ तू विचारलंस. मी तुला आजीचं सांगितलं. तिला शेवटपर्यंत ‘साधी गाठ आहे, औषधाने विरघळेल’ असंच सांगत होतो आम्ही. सांगणाऱ्यांत मीही होते, सेकंड इयरची. तू बराच वेळ काही बोलली नाहीस. मग म्हणालीस, घरचे मायेपोटीच सांगतात, म्हणून परीक्षाही त्यांना झिडकारायला सांगत नाही. आधी मुलाला विचार, तुम्हाला भीती कशाची वाटते? मग आईला विचार, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे? ती ‘मुलालाच सांगा’ म्हणाली, तर तोही तिचाच निर्णय.

आपल्याकडच्या मुलांचे हे प्रश्न अभ्यास कमी पडल्यामुळे चुकत नाहीत, आपण आपल्या घरातून आणि वॉर्डातून उत्तर देतो म्हणून चुकतात, हे मला त्या दुपारी उमगलं. कुठलंच पुस्तक ते मला सांगू शकलं नसतं, कारण पुस्तकाला आजी माहीत नव्हती. त्यानंतर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे मी मराठीत एकच ओळ लिहीत गेले: निर्णय कोणाचा? रुग्णाने ठरावीक माणसाला मारण्याची धमकी दिली की गोपनीयता का बाजूला पडते, शुद्धीवर असलेला, समजून बोलणारा रुग्ण उपचार नाकारतो तेव्हा काय, सगळं त्याच ओळीखाली आलं. तू परत गेल्यावरही दर रविवारी ड्युटी संपवून फोन करायचीस आणि मला रुग्णाशी बोलायचं वाक्य मोठ्याने म्हणायला लावायचीस. तुझा आवाज थकलेला असायचा. एकदाही ‘आज नको’ म्हणाली नाहीस.

आजीबद्दल आईशी पहिल्यांदाच बोलले. ती रडली, मग म्हणाली, आजीला ठाऊक होतं बहुतेक.

वहीची झेरॉक्स मागच्या बॅचच्या दोघींना दिली आहे. पहिल्या पानावर तुझ्या वाक्याच्या वर महिना आणि साल ठळक घातलं आहे, जुनी झाली की त्यांना कळावं म्हणून. यंदा चवथीला येणार असशील तर आधी कळव. नेवऱ्या कधी करायच्या, असं आई विचारते आहे.

तुझी,
फोंड्याची धाकटी बहीण