४८६ संगणकात चुकीचा सेल बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीचा सेल बसवल्याने संगणकाच्या मदरबोर्डाचे झालेले नुकसान, दुरुस्ती व पैसे परत मिळणेबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात तुमचा माणूस शहापूर, बेळगाव येथील आमच्या प्रेसमध्ये येऊन जुन्या ४८६ मशीनची सीमॉस बॅटरी (मशीन बंद असताना तारीख आणि सेटिंग जपणारी) बदलून गेला. १,४५० रुपये दिले, बिलाची प्रत सोबत आहे. बावीस दिवसांत तो सेल फुगला.

हे मशीन अजून का ठेवले, असे तुमच्या कस्टमर केअरने मला दोनदा विचारले. विचारायचे कारण नव्हते, तरी सांगतो. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या लग्नपत्रिका, देवस्थानांच्या पावत्या, सगळे त्यात आहे आणि त्या डीटीपी (पाने जुळवायच्या) सॉफ्टवेअरचे डोंगल, म्हणजे ते चालायला लागणारी किल्ली, याच मशीनच्या पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या सॉकेटला) चालते.

बोर्डावर मूळ ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली होती. ती कीबोर्डच्या सॉकेटकडे पाझरू लागली होती, हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखी. बोर्डावरचे ट्रॅक (तांब्याच्या बारीक रेषा) खाऊन टाकण्याआधी लक्षात आले म्हणून व्हिनेगर आणि टूथब्रशने मीच साफ केले. बॅटरी काढून तशीच रिचार्जेबल बसवा, नाहीतर तारा काढून बोर्डापासून लांब ठेवा, एवढेच मी सांगितले होते. बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा कनेक्टर बोर्डावर आहे, तो बोट ठेवून दाखवलाही.

तुमच्या माणसाने मात्र जुन्या बॅटरीच्या जागी होल्डर लावून सीआर२०३२ बसवला. हा तीन व्होल्टचा लिथियम सेल चार्ज करायचा नसतो. मशीन चालू असताना बोर्ड त्या जागी चार्जिंग देतो, मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवा, हे मी तेव्हाच बोललो. "एनू आगंगिल्ल री," काही होत नाही, म्हणून त्याने झाकण लावले. सेल फुगल्यावर तो काढून मी मशीन चालू केले आणि होल्डरवर मल्टिमीटर धरला, तर ४.७ व्होल्ट! दोन रुपयांचा डायोड लावला असता, तर करंट सेलमधून बाहेर गेला असता, आत आला नसता.

सेल फुगला त्या सकाळी स्क्रीनवर "सीमॉस चेकसम एरर" आला, म्हणजे जपलेली सेटिंग बिघडली, तारीख गेली, हार्ड डिस्क सापडेना. सिलिंडर ८२६, हेड १६, सेक्टर ६३ हे डिस्कच्या सेटिंगचे आकडे मी कॅबिनेटच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवले होते, ते परत भरले म्हणून डेटा दिसला. सेलची पाठ वर आली होती, कडेने काळपट ओल आणि होल्डरखालचे दोन ट्रॅक काळे पडलेले.

यावर तुमचे उत्तर : बोर्ड जुना आहे, वॉरंटी नाही. बोर्ड जुना होता म्हणूनच तुम्हाला बोलावले होते. आणि फुगला तो सेल, जो तुमचा, अगदी नवा.

माझी मागणी : १,४५० रुपये परत करावेत, ट्रॅक जाणकाराकडून दुरुस्त करून द्यावेत आणि याच माणसाने आणखी कुठे असा सेल लावला असेल, तर त्या गिऱ्हाइकांना कळवावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाईन.

सेल मी फेकलेला नाही. काचेच्या बरणीत काउंटरवर ठेवला आहे. बघायला यायचे तर दुपारी दोन ते चार प्रेस बंद असते.

आपला,
प्रेसचालक, शहापूर, बेळगाव