माजघराला एवढ्यात रंग नको

लीड्स, 12 जुलै

ती. दादा व सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल फोनवर वहिनी म्हणाल्या, गणपतीच्या आत माजघराला पुट्टी भरून चकचकीत रंग द्यायचाय, पेंटरला इसारही देऊन झाला. आई शेजारी बसली होती म्हणून मी गप्प राहिले. पण गेलं वर्षभर मी इथल्या भिंतींशीच भांडतेय, तेव्हा एवढं ऐकून घे.

आमचं घर शंभरी ओलांडलेलं, विटांचं, नऊ इंची भरीव भिंती. पुढच्या खोलीला खरखरीत कागद होता, पोटात लाकडाचे बारीक तुकडे दाबलेला. 1970 च्या आसपास इथे घरोघरी तो चिकटवत, वाकडातिकडा गिलावा झाकायला. त्यावर कुणीतरी प्लास्टिक रंगाचे हातावर हात मारलेले. वाफ देऊन कागद सोडवायला गेले, तर खिडकीखालचा गिलावाच परातीएवढा निघून हातात आला. आणि आत केस! मला वाटलं, उंदीर मेलाय. गवंडीबुवा हसायला लागले. पूर्वी चुन्यात जनावरांचे केस कालवत म्हणे, गिलाव्याला पकड यावी म्हणून. आपल्याकडे गूळ नि हिरडा घालत, त्यातलाच प्रकार.

त्यांच्या आधी आलेला माणूस ओल थांबवायला भिंतीत औषध भरा म्हणाला होता. आकडा सांगत नाही, आईला धाप लागेल. बुवा मात्र आधी बाहेर गेले, वर बघितलं आणि फुटकी पन्हळ दाखवली. पाणी तिथून मुरत होतं, आणि रंगाच्या कातड्यामुळे भिंतीला ते बाहेर टाकता येत नव्हतं. पन्हळ बदलली, कातडं खरवडलं आणि थांबलो. भिंत वाळायला इंचाला महिना, हा इथला हिशेब.

त्या दिवसांत मी रंग निवडत बसले, आणि तिथे पुरती फसले. कार्डावर फिकट करडा इतका सोज्वळ दिसला की कोरड्या भिंतीवर पहिला हात मारूनच बघितला. खोली उत्तरेच्या तोंडाची. इथे उत्तरेचा उजेड निळसर, थंड. दुपारी बघते तर खोलीत आषाढ! मग कागदाचे मोठे ताव रंगवले आणि कोपऱ्याकोपऱ्यात उभे करून सकाळी, संध्याकाळी, दिव्याखाली बघितले. डिसेंबरात इथे पावणेचारला सूर्य मावळतो, म्हणजे रंग खरा बघायचा तो दिव्यातच.

शेवटी चुनाच दिला. हो, हस. दुधाइतका पातळ, भिंत आधी ओली करून, पाच हात. ओला असताना काहीच दिसत नाही, नुसतं पाणी फिरवल्यासारखं. पैसे बुडाले म्हणून मी चहा करायला गेले. परत आले तर भिंत कडेकडेने पांढरी होत मध्यापर्यंत येत होती. आई चुन्यात नीळ घालायची ना, ती आपल्या उन्हाला शोभते. इथे निळीने दवाखाना झाला असता. मी उलट चिमूटभर पिवडी घातली.

आता तुझ्या माजघराचं. चिऱ्याची भिंत, चुन्याचा गिलावा आणि बाहेर कोकणातला पाऊस. ती भिंत आत्ता पाणी प्यायलेली आहे. खाली लोणा, म्हणजे पांढरा खार, फुटतो तो त्यामुळेच. त्यावर पुट्टी चढवलीस तर दोन पावसांत पोपडे धरतील. खात्री करायची तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लाव आणि सकाळी मागून बघ. थेंब दिसले तर पेंटरला दिवाळीनंतर बोलव. आणि चकाकी? ती भिंत कुठे सरळ आहे? बाजूने ट्यूब लागली की एकेक फुगवटा मोजून घे.

चुना पाठीला लागतो ही आईची तक्रार खरी आहे, आणि स्वयंपाकघरात तो चालायचा नाही. वहिनींना चकाकी हवीच असेल तर पुढच्या दोन सिमेंटच्या खोल्या आहेत, तिथे मनासारखं करू देत. मी मधे पडणार नाही.

एक मात्र घाईचं. आईच्या खोलीच्या दाराचा जुना ऑइल पेंट कोरडा घासू देऊ नकोस, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगात 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90) शिसं नको हा आपल्याकडचा नियम 2016 चा, आणि ते दार बाबांच्या हातचं. पाणी मारून घासायला सांग, पोरांना तेवढे दिवस मामाकडे धाड.

माजघराचा फोटो पाठव, सकाळी नऊचा, ट्यूब बंद करून. आणि आईला विचार, चुन्यात ती खळ घालायची की डिंक? माझ्या भिंतीचा पांढरा अजून हाताला येतोय.

तुझी,
छोटी