दोन्ही काटे एकाच दिवशी बिघडले, तरी दोष काट्यांचाच?

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जुन्या गाडीच्या डॅशबोर्डसाठी घेतलेला व्होल्टेज स्टॅबिलायझर सदोष असल्याबाबत

महोदय,

तुमचा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर मी माझ्या १९६८ सालच्या गाडीत बसवला. त्या दिवसापासून तापमानाचा काटा दहा मिनिटांत लाल पट्ट्यात जाऊन बसतो आणि टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा ‘फुल’ दाखवतो. फोन केला, तर तुमच्या प्रतिनिधींनी आधी तापमानाचा सेन्सर बदलायला सांगितला, मग टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता सेन्सर, आणि शेवटी ‘गाडी जुनी आहे, दोन्ही मीटरच नवे घ्या’ असं सुचवलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

एक सेन्सर इंजिनावर, दुसरा टाकीत. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी दोन्ही काटे एकाच दिवशी, एकाच बाजूला सरकले. दोघांत सामाईक असं एकच आहे, त्यांना वीज पुरवणारा तुमचा स्टॅबिलायझर. तेलाच्या दाबाचा काटा नळीतून येणाऱ्या तेलावर चालतो, वेगाचा केबलवर, आणि ते दोन्ही बिनचूक आहेत. एवढी गोष्ट तांत्रिक विभागात कुणाच्याच डोक्यात येऊ नये?

तरीही तुमचं म्हणणं मी तपासून पाहिलं. काटा लाल पट्ट्यात असताना थर्मोस्टॅटच्या कव्हरवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, आकडा ८४ अंश. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं पाणी तापल्यावर उघडणारी झडप, ८२ अंशांचा आहे, म्हणजे इंजिन ठणठणीत. टाकीत लाकडी पट्टी सोडली, ती निम्म्यापर्यंतच ओली झाली. सेन्सरची वायर सोडवली की काटा मुकाट्याने खाली येतो. म्हणजे मीटरही चालू आहेत.

मग मल्टिमीटर घेतला. या मीटरांत दोन धातूंची जोडपट्टी असते. तिच्यावर गुंडाळलेली तार तापली की पट्टी वाकते आणि काटा सरकतो. मीटरवरच्या खुणा १० व्होल्ट धरून केलेल्या असतात. मूळचा स्टॅबिलायझर आतले पॉइंट सतत उघडझाप करून सरासरी १० व्होल्ट द्यायचा. तुमचा तेच काम चिपवर, स्थिर १० व्होल्ट देऊन करतो, असं खोक्यावर छापलं आहे. प्रत्यक्षात इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.३ आणि तुमच्या ‘आय’ टर्मिनलवर, म्हणजे मीटरांना वीज देणाऱ्या टोकावर, १०.९ मिळाले. इंजिन चालू केल्यावर बॅटरीवर १३.९, टर्मिनलवर १२.४. म्हणजे बॅटरी चढली की हा पण चढतो. याला स्टॅबिलायझर म्हणायचं का?

पहिला संशय अर्थिंगचा, म्हणजे स्टॅबिलायझरची डबी गाडीच्या पत्र्यामार्फत बॅटरीच्या निगेटिव्हला नीट जोडली आहे का याचा, कारण अर्थ नसेल तर असंच होतं. ब्रॅकेटखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, बॅटरीच्या निगेटिव्हपासून वेगळी वायर आणून थेट तुमच्या डबीला जोडली. आकडे तेच.

तेव्हा डबी उघडली. चिपचा मधला पाय, म्हणजे अर्थचा पाय, एका पितळी पट्टीला डाग दिलेला आहे आणि ती पट्टी डबीच्या आतल्या बाजूला रिव्हेट केलेली आहे. पण डबीला आतूनही काळा रंग मारलेला, आणि रिव्हेट त्या रंगावरच बसवलेली. पट्टीखाली रंगाचा थर जसाच्या तसा होता, नखाने टोकरला तेव्हा निघाला. चिपचा पाय आणि डबी वायरच्या एका तुकड्याने जोडली, तर टर्मिनलवर १०.० आले, इंजिन चालू असतानाही. पेट्रोलचा काटा दोन मिनिटांत निम्म्यावर उतरला.

हे सगळं फोटोंसह कळवल्यावर उत्तर आलं : ‘वस्तू उघडल्याने वॉरंटी रद्द.’ मी ती उघडली तुम्ही दोनदा हात वर केल्यानंतर. शिवाय तुमच्याकडूनच विकत घेतलेला त्याच बॅचचा दुसरा नग मी अजिबात उघडलेला नाही, आणि तोही १२.४ व्होल्टच देतो. तो तपासा.

तुमचं ऐकून मी नवे मीटर बसवले असते, तर तेही जास्त व्होल्टेजवर तापत राहिले असते. आणि या प्रकारात मी तीनदा रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभा राहिलो. चौथ्यांदा काटा लाल पट्ट्यात गेला तेव्हा थांबलोच नाही. त्या दिवशी खरोखरच पाणी उकळलं असतं तर?

दोन्ही नगांचे पूर्ण पैसे परत करावेत. त्या बॅचची विक्री थांबवावी आणि ज्यांनी ती घेतली त्यांना स्वतःहून कळवावं. माहितीपत्रकात हा भाग निगेटिव्ह अर्थच्या (पत्र्याला बॅटरीचं निगेटिव्ह टोक जोडलेल्या) गाडीसाठी आहे की पॉझिटिव्ह, याचा उल्लेखच नाही. त्या काळात दोन्ही प्रकार होते आणि उलट जोडला तर चिप जळेल. तेही छापावं.

न उघडलेला नग खोक्यात भरून ठेवला आहे. कुठल्या पत्त्यावर पाठवायचा, ते आठ दिवसांत लेखी कळवावं.

आपला,
एक ग्राहक

सोबत : मोजमापांचे व डबीच्या आतल्या बाजूचे फोटो, दोन्ही खरेदीच्या पावत्या