भीती वाटायला हवी असेल, तर आकडे उघड सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत टेबलावरच्या भूमिकाखेळांविषयी (प्रत्येक खेळाडू गोष्टीतले एक पात्र होतो, असे खेळ) लेख वाचला आणि आनंद झाला. फासे, कागद, पेन्सिल आणि चार-पाच माणसांची कल्पनाशक्ती एवढ्यावर चालणाऱ्या या खेळाला वर्तमानपत्रात क्वचितच जागा मिळते. मात्र अंतराळातल्या विज्ञान-भयकथेचे सेशन कसे रंगवावे याबद्दल त्यात दिलेला सल्ला मला पटला नाही. खोलीत अंधार करा, भेसूर संगीत लावा आणि खेळाडूंपासून शक्य तितके लपवून ठेवा, असा तो सल्ला आहे. अंधारात फाशांवरचे आकडे दिसत नाहीत आणि दर वेळी कुणीतरी मोबाइलचा दिवा लावला की जमलेला ताण मोडतो. तरी ज्याला अंधार आवडतो त्याने तो करावा. लपवण्याच्या सल्ल्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. आपण नेमके किती अडचणीत आहोत हे खेळाडूंना आकड्यांत कळते, तेव्हाच ते मनापासून घाबरतात.

मी शस्त्रक्रियागृहात भूल देण्याच्या यंत्रांवर काम करणारी तंत्रज्ञ आहे, आणि बरीच वर्षे मित्रमंडळींसाठी अशा डावांची गेम मास्टर, म्हणजे गोष्ट रचून डाव चालवणारी. भूल दिलेल्या रुग्णाने सोडलेली हवा यंत्रातून फिरून पुन्हा त्याच्याकडेच येते. वाटेत सोडा लाइमच्या दाण्यांचा डबा असतो, तो कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. शोषण्याची ताकद संपत आली की पांढरे दाणे जांभळे होतात. पण यंत्र काही तास बंद राहिले तर तेच दाणे पुन्हा पांढरे दिसू शकतात, आणि गेलेली ताकद मात्र परत आलेली नसते. म्हणून आम्ही नुसत्या रंगावर विसंबत नाही, रुग्णाच्या श्वासातला वायू मोजतो.

हाच डबा मी डावातल्या एका जुन्या मालवाहू यानात ठेवते, ज्यात एक परका प्राणी शिरलेला असतो. रंगाची ही फसवणूक खेळाडूंना पहिला फासा पडण्याआधीच समजावून सांगते, काहीही हातचे राखत नाही. वायू मोजणारे उपकरण बिघडले आहे, हेही सांगते. मग यानातली पहिली पाळी संपते, दुसऱ्या पाळीची माणसे उठतात आणि डबा त्यांना पांढराशुभ्र दिसतो. कुणी दाणे बदलले की ते नुसतेच पडून राहिले? बदलले असतील तर नोंदवहीत सही का नाही? कोठारातली एक पेटी कमी आहे, ती कुणी नेली? यानात शिरलेल्या प्राण्याविषयी त्यानंतर कोणी विचारत नाही. एकमेकांनाच विचारू लागतात, शेवटचा हात कुणाचा लागला म्हणून. ही माहिती मी लपवली असती तर त्यांना डबा पांढरा दिसला असता आणि डाव निमूट पुढे गेला असता.

अवकाशप्रवासाच्या खऱ्या इतिहासातही असा डबा आहे. १९७० मध्ये मुख्य यान बिघडल्यामुळे अपोलो १३ चे अंतराळवीर चंद्रावर उतरण्यासाठीच्या छोट्या यानात आश्रयाला गेले, तेव्हा मुख्य यानातले चौकोनी डबे तिथल्या गोल जागेत बसत नव्हते. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी वापरून त्यांना जोड तयार करावी लागली. मी नव्या गेम मास्टरना हा प्रसंग आवर्जून वाचायला सांगते, कारण त्यात धोका कुठला, साधने किती आणि वेळ किती हे सगळे सगळ्यांना ठाऊक होते, आणि तरी वाचताना छातीत धडधडते.

हिशोब फार किचकट लागत नाही. स्वस्थ पडलेल्या माणसाला मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, धावपळ केली की त्याच्या कित्येक पट. हवाबंद खोलीत ऑक्सिजन संपण्याच्या आधीच साचलेला कार्बन डायऑक्साइड माणसाला गाठतो: डोके ठणकते, घाम फुटतो, धाप लागते, गुंगी येते. मी टेबलाच्या मधोमध एक कार्ड उताणे ठेवते आणि त्यावर उरलेल्या हवेचे तास लिहिते. कुणी पळाले, कुणी दार तोडले की सर्वांसमोर आकडा खोडते. खेळाडू आपोआप हळू चालू लागतात. दाराआडून आवाज येत असतानाही हळू चालणे त्यांनी स्वतः निवडलेले असते, म्हणून ते अंगावर येते.

ऑक्सिजन हळूहळू कमी होत जातो, तेव्हाची गोष्ट याहून भयंकर. तेव्हा गुदमरल्यासारखे वाटेलच असे नाही. माणूस कधी कधी खुशीत येतो, आपले सगळे ठीक चालले आहे अशी त्याची खात्री असते आणि साधी बेरीज चुकत असते. अशा वेळी मी खेळाडूला चिठ्ठी देऊन गुपचूप काही सांगत नाही. सर्वांसमोर म्हणते, ‘तुझ्या पात्राचा ऑक्सिजन घसरतो आहे, त्याला ते कळत नाही, त्याला फार छान वाटते आहे. आता तू बोल.’ मग तो खेळाडू आपल्याच पात्राला हसतखेळत चुकीच्या झडपेकडे घेऊन जातो. जे घडते आहे ते टेबलावरच्या प्रत्येकाला दिसते आणि ज्याला थांबायला हवे तोच थांबू शकत नाही. चांगले खेळाडू या प्रसंगात इतके जीव ओतून खेळतात की मला पुढे काही वर्णनच करावे लागत नाही.

मग लपवायचे काय? कारण. काय घडते आहे ते सांगावे, का घडते आहे ते त्यांना शोधू द्यावे, आणि मधल्या काळात पटण्यासारखे एखादे साधे स्पष्टीकरण हाताशी राहू द्यावे. १६ जुलै २०१३ रोजी लुका पार्मितानो हे इटलीचे अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर काम करत असताना त्यांच्या शिरस्त्राणात पाणी साचू लागले. वजनरहित अवस्थेत पाणी ओघळून खाली जात नाही. ते डोळ्यांवर, नाकावर, कानांवर पसरत गेले. सुरक्षा-दोरीच्या ओढीवरून दिशा ओळखत ते कसेबसे दारापाशी परतले. मला यात सगळ्यात हादरवते ती आदल्या आठवड्यातली गोष्ट. तेव्हाही बाहेरच्या फेरीनंतर त्याच पोशाखाच्या शिरस्त्राणात पाणी सापडले होते, आणि ते पोशाखातल्या पिण्याच्या पाण्याच्या पिशवीतून गळाले असावे असे मानले गेले. शहाण्या, अनुभवी माणसांनी तसे मानले. माझ्या डावांत सुरुवातीला अशी एखादी ‘पिण्याची पिशवी’, म्हणजे पटणारे पण चुकीचे कारण, असतेच.

सोयुझ ११ या सोव्हिएत यानाची घटना मात्र मी डावात कधी आणत नाही. १९७१ मध्ये परतीच्या वाटेवर झडप उघडून यानातली हवा गेली आणि तिघे अंतराळवीर मरण पावले. त्या घटनेतून यंत्रणा कशी बिघडते हे मी शिकले, पण त्या तिघांच्या शेवटच्या क्षणांवर फासे टाकणे मला योग्य वाटत नाही.

लेखात नियमांना गौण म्हटले आहे, तेही मला मान्य नाही. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलु’ या भूमिकाखेळाने पात्राच्या मानसिक तोलाला आकडा दिला आणि तो उतरताना खेळाडूला उघड दिसू लागला. २०१८ मध्ये आलेल्या ‘मदरशिप’मध्ये तुम्ही अपयशी ठरलात की ताणाचा आकडा वाढतो, घबराटीची वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि तो ताणापेक्षा वर गेला तरच सुटका. २०१९ च्या ‘एलियन’ या खेळाची युक्ती मला सर्वांत आवडते. तिथे ताण वाढला की तुम्हाला जास्त फासे मिळतात, म्हणजे यशाची शक्यताही वाढते, पण त्या वाढीव फाशांपैकी एकावर जरी १ पडला तरी घबराट उसळते. भेदरलेला माणूस अधिक चपळ होतो आणि केव्हाही कोसळू शकतो, हे फासे हातात घेतानाच कळते. या तिन्ही खेळांत भीतीचा आकडा खेळाडूच्या स्वतःच्या कागदावर असतो. गेम मास्टरच्या पडद्यामागे तो ठेवला तर त्याचा काही उपयोग उरणार नाही.

अंतराचेही तसेच. गुरूपाशी असलेल्या यानाने मदत मागितली तर तो निरोप पृथ्वीवर पोचायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो आणि उत्तर यायला तितकाच. मी हे आधी सांगते आणि खेळाडूंना निरोपाचे शब्द लिहून काढायला लावते. तासाभराच्या घडामोडींनंतर उत्तर येते, नीट विचार करून दिलेले, आपुलकीचे, आणि ज्या माणसाला कसे वाचवायचे ते त्यात सांगितलेले असते तो तोवर उरलेला नसतो.

एक गोष्ट लेखात पूर्णपणे राहून गेली. कुणाला काय सोसणार नाही हे डावाआधी विचारलेच पाहिजे. गर्भारपण, लहान मुले, सुया, बुडणे, काहीही असू शकते. टेबलावर एक्स-कार्ड ठेवावे. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचे नाही. याने भीती पातळ होते असे म्हणणारे मला भेटले आहेत. माझ्या टेबलावर उलट घडते. बाहेर पडण्याची वाट आहे हे ठाऊक असलेली माणसेच त्या अंधाऱ्या बोगद्यात आणखी पुढे जायला तयार होतात. रुग्णालयात नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीने श्वासनलिकेचे प्रसंग नकोत असे सुरुवातीलाच सांगितले होते. बाकी सगळ्यात तिच्याइतके पुढे कुणीच जात नाही.

अशा डावात पात्रे मरतात. एखादे लवकर मेले तर त्या खेळाडूला उरलेल्या वेळात नुसते बसवून ठेवू नये. मी त्याच्याकडे यानाच्या संगणकाची भूमिका देते आणि हवेचे, इंधनाचे, तापमानाचे सगळे आकडे त्याच्या स्वाधीन करते. विचारले तर त्याने खरे सांगायचे, हा नियम.

पुरवणीत पुढे एखादा नमुन्याचा डाव छापण्याचा विचार असेल, तर वापरात असलेली माझी हवेच्या हिशोबाची कार्डे आणि त्या मालवाहू यानाचा आराखडा मी आनंदाने पाठवीन. अर्ध्या पानात ते सहज मावतील.

आपली,
भूलशास्त्र विभागातील एक तंत्रज्ञ व नियमित वाचक